दुसऱ्या पडद्याचा माणूस

उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर
३ डिसेंबर २००१

सोमूभावजींना भूमिकाचं शरणु.

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असाल. घरी सगळं ठीक आहे. तुमच्या दादांची फाउंड्रीत दिवसपाळी आहे आणि दिवाळी झाल्यापासून मी इथं कॉम्प्युटरवर लोकांची लग्नं लावत बसले आहे. पत्रिकांचा सिझन जोरात आहे. काल पन्हाळ्याची दोन, आज गगनबावड्याचं एक. एकेका पत्रिकेत ऐंशी-ऐंशी नावं. मुलामुलीची चार ओळींत आटपतात, बाकी सगळी भावकी.

फोन केला असता, पण फोन शेजारच्या झुंबरबाईंच्या घरी, आणि मामंजी रोज तिथंच पेपर वाचत बसतात. शिवाय झुंबरबाईंच्या कानावर गोष्ट गेली की पेठेत दवंडी पिटायला वेगळा माणूस लागत नाही. म्हणून पत्र.

काम मामंजींचंच आहे. ते काम करायचे तो छापखाना बंद झाल्यापासून ते माझी प्रुफं वाचतात हे तुम्हाला माहीत आहे. कसं वाचतात ते माहीत नसेल. ते उंबऱ्यात येऊन खाकरतात. मी खुर्चीवरून उठते, पदर घेते, छापलेला कागद स्टुलावर ठेवते आणि आत जाते. ते बसतात, लाल पेन्सिलीनं खुणा करतात, परत खाकरतात, बाहेर जातात. मग मी येते. एका पानाला अशा पाच-सहा फेऱ्या. सासऱ्यासमोर सुनेनं खुर्चीत बसायचं नाही आणि सुनेच्या पाठीशी सासऱ्यानं उभं राहायचं नाही. तुम्ही पुण्यात हसाल, पण मला संकेश्वरहून येताना आईनं एवढं एकच बजावून पाठवलं होतं.

सिझनमध्ये एवढ्या फेऱ्या जमेनात, म्हणून दोन आठवडे मी त्यांना प्रूफ दिलंच नाही. माझं चुकलं. तेव्हापासून ते गप्प आहेत. परवा तुमच्या दादांना म्हणाले, "आक्का एकटी हाय गडहिंग्लजला. मी तिकडंच राहतो आता. हितं बसून काय उजेड पाडतोय?" भावजी, ते गेले तर परत यायचे नाहीत. मला ते इथं हवे आहेत, माझ्या कामात.

म्हणून विचारते. तुम्ही कॉलेज संपल्यावर मागं ठेवून गेलेल्या कॉम्प्युटरला दुसरा मॉनिटर जोडता येतो का? एक माझ्याकडं तोंड करून, एक त्यांच्याकडं. मग कुणी उठायला नको आणि कुणी खाकरायला नको.

आणि हे त्यांना कळू देऊ नका. सुनेनं कीव केली असं वाटलं तर त्याच दिवशी एसटीत बसतील. शपथ घ्या.

— भूमिका


पुणे
८ डिसेंबर २००१

वहिनी,

शपथ घेतली. वीरभद्राची घेतली, म्हणजे मोडायची सोय नाही.

तुमच्यापुढं हात टेकले. सहा वर्षं एका घरात राहून सासरा आणि सून पेन्सिलीच्या खुणांनी बोलतात! सरळ तोंडानं सांगून का टाकत नाही? "मामंजी, जाऊ नका." तीन शब्द. पण नाही, त्यासाठी आम्ही पुण्याहून मॉनिटर पाठवायचा.

मॉनिटरची अडचण नाही. आमच्या ऑफिसात सगळे सतरा इंची झाले, जुने चौदा इंची कोपऱ्यात धूळ खातात. साहेबांना विचारून एक उचलला. आपल्या पेठेतला कृष्णात पुढच्या शनिवारी कोल्हापूरला येतोय, त्याच्याबरोबर देतो.

जोडणं मात्र वाटतं तेवढं सोपं नाही. कॉम्प्युटर चार वर्षांचा म्हातारा आहे. मागच्या बाजूला मॉनिटरची वायर लागते तिथं निळं, पंधरा भोकांचं एक तोंड असेल. तसली किती आहेत ते मोजून कळवा. मोजताना आतल्या कोळ्यांना धक्का लावू नका, ते माझ्या वेळेपासूनचे आहेत.

— सोमू


कोल्हापूर
१८ डिसेंबर २००१

सोमूभावजी,

मॉनिटर सुखरूप आला. कृष्णात नाही. बिचाऱ्यानं गोधडीत गुंडाळून पुण्यापासून मांडीवर आणला. साताऱ्याला एक म्हातारी चढली, म्हणाली, "पावणं, लेकराचं तोंड तर उघडं ठेवा की!" कराडपर्यंत सगळ्या गाडीला कळलं की टीव्ही आहे, आणि मग जो तो विचारतोय, आता लावा की, बातम्या बघू. घरी आला तेव्हा दोन्ही पाय बधिर. दोन कप चहा झाल्यावर उभा राहिला.

निळं तोंड एकच आहे. दोनदा मोजलं. मग मीच राजारामपुरीतल्या एका दुकानात गेले आणि अडचण सांगितली. त्यांनी एक केबल दिली, एका बाजूला एक तोंड, दुसऱ्या बाजूला दोन. मामंजी रविवारी मंडळींबरोबर जोतिबाला गेले होते तेवढ्यात जोडून बघितली. दोन्ही पडद्यांवर तेच पान! मी इकडं 'चि. सौ. कां.' लिहिलं की तिकडंही उमटतं. अक्षर थोडं फिकं दिसतं. दुकानदार म्हणाला, "वैनी, तसंच असतंय त्ये." हे बरोबर आहे का? तुम्ही हो म्हणाल तेव्हाच मामंजींना बसवीन. एकदा बसवलं आणि मशीन बिघडलं तर परत बसायचे नाहीत. तोवर केबल काढून ठेवली आहे.

मॉनिटर आला तेव्हा ते घरातच होते. गोधडी सोडताना बघत उभे राहिले. तुमच्या दादांना विचारलं, "ह्यो कुणासाठी?" दादा मी पढवल्याप्रमाणे म्हणाले, "कामासाठी." मामंजींनी टोपी घातली आणि झुंबरबाईंकडं गेले. आमच्या गुपिताचा वास लागला की काय कोण जाणे.

तीन शब्दांचं म्हणाल तर, सहा वर्षांत मी त्यांच्याशी जे बोलले ते सगळं ताटाभोवतीचं. भाकरी वाढू का, आमटी घालू का. एवढं मोठं वाक्य माझ्या तोंडून निघायचं नाही.

— भूमिका


पुणे
२२ डिसेंबर २००१

वहिनी,

ती केबल आधी परत करा!

दोन तोंडांची केबल म्हणजे एका ताटात दोघांनी जेवणं. दोन्हीकडं तेच चित्र, तेही फिकं. त्याला काय दुसरा मॉनिटर म्हणतात? आमच्याकडं प्रत्येक पडद्यावर वेगळं काम चालतं. तुम्ही तुमच्या पडद्यावर नवं पान लिहा, अण्णा त्यांच्या पडद्यावर झालेलं पान वाचतील. काम दुप्पट.

त्यासाठी चित्राचं दुसरं कार्ड बसवावं लागतं. ऑफिसच्या अडगळीत एक सापडलं, कृष्णातच्या भावाबरोबर पाठवतोय. दादाला सांगा, मेन स्विच बंद करून डबा उघडायचा, आत पांढऱ्या लांब खाचा आहेत त्यातल्या एका रिकाम्या खाचेत कार्ड दाबून बसवायचं आणि वरचा स्क्रू लावायचा. फाउंड्रीत लोखंड वाकवतो तेवढा जोर लावू नको म्हणावं.

सुरू केल्यावर तुमचा पडदा काळा पडेल आणि चित्र दुसऱ्यावर येईल. घाबरू नका. जुनं मशीन आहे, नवीन पाहुणा आला की त्यालाच आधी पाटावर बसवतं. बंद करून दोन वायरींची अदलाबदल करा. मग मोकळ्या जागेवर माऊसचं उजवं बटण, प्रॉपर्टीज, सेटिंग्ज. एक आणि दोन असे चौकोन दिसतील. दोनवर टिचकी मारा आणि खाली 'एक्स्टेंड' लिहिलंय त्या चौकटीत खूण करा. झालं.

मग बघा अण्णा कसे खुलतात.

— सोमू


कोल्हापूर
२९ डिसेंबर २००१

भावजी,

कार्ड बसलं. तुम्ही म्हणालात तसा पडदा काळा पडला. वायरी बदलल्या, खूण केली, आणि माऊसचा बाण उजवीकडं ढकलला तर तो कडेवरून नाहीसा होऊन तिकडच्या पडद्यावर निघाला. तुमचे दादा दहा मिनिटं बाण इकडून तिकडं पळवत बसले.

पण एक विचारते. दोन्ही मॉनिटर पाठीला पाठ लावून मांडलेत. माझ्या मॉनिटरचं तोंड भिंतीकडं, तिथं मी; दुसऱ्याचं तोंड मामंजींच्या कॉटकडं. मधे हे दोन धोंडे, त्यामुळं त्यांना माझा पदर दिसत नाही आणि मला त्यांची टोपी. इथवर झकास. पण तिकडच्या पडद्यावर पान न्यायचं तर मला बाण न बघता तिकडं ढकलावा लागतो, आणि मी लिहीत असताना तिकडं नुसता निळा-हिरवा रंग. पानाचा पत्ता नाही. मामंजी कॉटवर बसून तो रंग बघतात. काही विचारत नाहीत. मलाही सांगवत नाही, कारण दाखवायला काही नाही.

काय करू ते लवकर लिहा.

— भूमिका


कोल्हापूर
२ जानेवारी २००२

चि. सोमशेखरला अण्णासो यांचा आशीर्वाद.

कागदावरची सगळी अक्षरं दुसऱ्यांचीच जुळवली, त्यामुळं स्वतःचं पत्र लिहायची सवय नाही. तरी लिहितो.

घरात दुसरा पडदा आला आहे. तूच पाठवलास असं तुझ्या दादाकडून, बाळासोकडून कळलं. चांगलं केलंस. सूनबाई राबते, तिला हात हवाच होता. मला कुणी काही सांगितलेलं नाही, पण सांगायला कशाला हवं? छापखान्यात पस्तीस वर्षं काढली आहेत मी. मालकानं अक्षरांच्या खिळ्यांची नवी केस आणून मांडली की आम्ही ओळखायचो, नवा कंपोझिटर येतोय. रिकामी केस कुणी शोभेला मांडत नाही. इथं पडदा मांडलाय, पेटवलाय, त्यात एक अक्षर नाही. म्हणजे माणूस ठरलाय, यायचा राहिलाय.

ज्याच्या जागी नवा माणूस येतो त्यानं आपण होऊन उठावं. आमच्या मालकानं मला उठवलं नव्हतं, खिळेच वितळवायला गेले. इथं कुणाला मला उठ म्हणायची वेळ येऊ नये. मी गडहिंग्लजला शांतव्वाआक्काकडं जायचं म्हणतो. तुला एवढंच विचारायचं, माणूस कसा आहे? वाचणारा आहे ना? नुसता बटणं बडवणारा नको. पत्रिकेत एक नाव मागंपुढं झालं की सात पिढ्या बोलत नाहीत, हे त्याला माहीत असायला हवं.

सूनबाईला हे बोलू नकोस. तिला वाईट वाटेल. पोर चांगली आहे.

— अण्णासो


पुणे
६ जानेवारी २००२

अण्णांना सोमूचं शरणु.

तुमचं पत्र वाचून मला हसू आवरेना. अण्णा, तुमचा तर्क अर्धा बरोबर आहे. दुसऱ्या पडद्यासमोर माणूस बसणार आहे, आणि तो ठरलेलाही आहे. नाव सांगायची मला बंदी आहे. पण एवढं सांगतो, माणूस फार अनुभवी आहे. तुमच्याच लाइनमधला. वाचण्यात त्याचा हात धरणारा कोल्हापुरात नाही. जरा तापट आहे, पण तुमचं-त्याचं चांगलं जमेल. जन्मभर जमलंय, असं समजा!

थोडी कळ काढा. वहिनींनाच योग्य वेळी सांगू द्या.

— सोमू

(ता. क. वहिनींना निरोप: सुरुवातीला असं होतंच. थोडी सवय होऊ द्या.)


कोल्हापूर
९ जानेवारी २००२

चि. सोमशेखर,

पत्र मिळालं. ता. क. सूनबाईला बाळासोकडून कळवला.

माणूस माझ्याच लाइनमधला आणि माझ्याहून चांगला वाचणारा आहे हे वाचून समाधान झालं. आता काळजी नाही. जन्मभर जमलंय म्हणतोस, म्हणजे आमच्या छापखान्यातलाच कुणी जुना असणार. गणपतराव असेल तर त्याला सकाळी चहा लागतो, सूनबाईला सांगून ठेव.

संक्रांतीला तिळगूळ घेतो आणि निघतो. माझी कॉट त्याला द्यावी.

— अण्णासो


पुणे
१२ जानेवारी २००२

वहिनी,

मी गाढव आहे. हे पहिल्याच ओळीत लिहितो, म्हणजे तुम्हाला पत्रभर शोधत बसायला नको.

अण्णांनी मला लिहिलं होतं की दुसरा पडदा म्हणजे दुसरा कामगार येतोय. मी शपथेत अडकलेला. म्हणून कोड्यात सांगितलं की माणूस अनुभवी आहे, तुमच्याच लाइनमधला आहे. मला वाटलं ओळखतील, हसतील. त्यांनी ओळखलं ते छापखान्यातल्या गणपतरावांना! आता त्या गणपतरावांसाठी कॉट रिकामी करून निघालेत. हसावं की डोकं आपटावं कळत नाही. शेजाऱ्याच्या फोनवर सांगावं तर तिथं अण्णाच पेपर घेऊन बसलेले.

आणि दुसरी चूक. तुमची केबलच बरोबर होती. मी ऑफिसातल्या दोन शहाण्यांसारखा विचार केला, प्रत्येकाला वेगळा पडदा, वेगळं काम. तुमच्या घरात उलटं हवं होतं. तुम्ही लिहिता ते त्यांना त्याच क्षणी दिसायला हवं. एका ताटात जेवता यावं म्हणूनच तर सगळं चाललं होतं, आणि मी दोन ताटं मांडून एक रिकामं त्यांच्यापुढं सरकवलं. अण्णा पंधरा दिवस त्या रिकाम्या ताटापुढं बसलेत. मला हे आठवलं की लाज वाटते.

केबल परत केली नसेल तर ती लावा. कार्डाची वायर काढा, केबलचं एक तोंड जुन्या जागी आणि दोन तोंडांना दोन मॉनिटर. अक्षर फिकं दिसलं तर मॉनिटरचं खालचं बटण फिरवून उजेड वाढवा. आणि शपथ मी मोडतो आहे. वीरभद्राला काय सांगायचं ते मी सांगेन. तुम्ही त्यांना थांबवा. कसंही.

— सोमू


कोल्हापूर
१७ जानेवारी २००२

सोमूभावजी,

तुमचं पत्र परवा दुपारी पोचलं, करीच्या दिवशी. करीला प्रवास करत नाहीत म्हणूनच मामंजी थांबले होते. नाहीतर संक्रांतीच्या दुसऱ्याच सकाळी निघणार होते. ट्रंक उंबऱ्याशी उभी. वर घडी घातलेली गोधडी. सकाळच्या पहिल्या गाडीनं जायचं ठरलेलं. मी आदल्या रात्रीच त्यांना आक्कांसाठी तिळाचे लाडू बांधून दिले होते. काय करणार? बोलता येत नव्हतं, मग बांधून दिले.

तुमचं पत्र वाचून आधी तुमचा खूप राग आला. मग माझा आला. मामंजी उन्हात बसायला बाहेर गेले तशी टेबलाखाली शिरले आणि वायरी काढल्या. केबल मी परत केलीच नव्हती. तुम्ही सांगितलंत तरी केली नव्हती. मला ती आवडली होती.

जोडून होतंय तोवर गगनबावड्याचे पाहुणे आले. मुलीचं लग्न आठ दिवसांवर. नावांची वही घेऊन समोर बसले आणि घडाघडा सांगायला लागले. मामंजीही आत येऊन कॉटवर टेकले. मी लिहायला लागले. पलीकडं काय होतंय मला दिसत नव्हतं, मधे ते दोन धोंडे. फक्त कॉट करकरली. मी लिहीतच होते. आणि अचानक पलीकडून आवाज आला. दोन महिन्यांत ऐकला नव्हता इतका मोठा.

"ओ पावणं! थोरल्याचं नाव धाकट्याच्या खाली घातलंय तुम्ही!"

पाहुणे दचकले. "न्हाय ओ, वहीत तसंच हाय."

"वही मरू द्या. मघाशी तोंडानं काय म्हणालासा? 'आमचं थोरलं बंधू, पायानं अधू हायती.' त्यांचं नाव वर न्हाय गेलं तर लगीन लागंल, पर त्यो माणूस मांडवात यायचा न्हाय. पाय अधू म्हणून न्हवं, मान न्हाय म्हणून!"

पाहुणे वहीकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "व्हय. मीच घाईनं लिवलं. दादाला लई लागलं असतं." मी नाव वर घेतलं. पलीकडून लगेच, "हां. आता बरोबर." मी अजून एंटर दाबून हात उचलला नव्हता भावजी!

पुढची पासष्ट नावं आम्ही अशीच केली. मी लिहायची, ते पलीकडून बोलायचे. कुणी उठलं नाही, कुणी खाकरलं नाही. पाहुणे निघताना उंबऱ्याशी थबकले. म्हणाले, "अण्णा, टरंक कुणाची? गावाला निगालासा व्हय?"

पाहुणे गेले. मला माहीत होतं, आता नाही तर कधीच नाही. मग मी नवं पान उघडलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं. दोनदा पुसावं लागलं. जे लिहिलं ते तसंच तुम्हाला उतरवून देते.

'मामंजी, हा पडदा तुमच्यासाठीच आणला आहे. गणपतराव येणार नाहीत, कुणीच येणार नाही. तुम्ही वाचल्याशिवाय माझं पान पुरं होत नाही. मी मधे दोन आठवडे प्रूफ दिलं नाही, ते घाईनं. चुकले. आक्कांना भेटायला जरूर जा. राहायला जाऊ नका.'

लिहिलं आणि हात मांडीवर घेतले. मग कॉट करकरली. चपला वाजल्या. मी उठून बघते तोवर ते टोपी घालून गल्लीच्या वळणाला लागले होते. ट्रंक तिथंच.

तुमचे दादा कामावरून आले, त्यांना सांगितलं, ते सायकल घेऊन स्टँडवर जाऊन आले. नव्हते. दिवेलागण झाली. मी आमटीत दोनदा मीठ घातलं. आणि मग मामंजी आले. कुठं गेला होता, कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. उंबऱ्याशी थांबले, ट्रंक पायानं ढकलत ढकलत कॉटखाली सारली, आणि पडद्यासमोर बसले. तो अजून तसाच होता, माझं पान घेऊन. खाकरले नाहीत. नुसतं म्हणाले,

"वाचलं. फुडचं पान घे."

मी पदर तोंडावर ओढून घेतला. मानासाठी नाही, भावजी, मला रडू आलं होतं. जेवताना सगळ्यांनी ती खारट आमटी मुकाट्यानं खाल्ली. मामंजींनी दोनदा मागून घेतली.

ते कुठं जाऊन आले ते अजून कळलं नाही. तुम्हाला लिहितील कदाचित.

— भूमिका


कोल्हापूर
२१ जानेवारी २००२

चि. सोमशेखरला आशीर्वाद.

गडहिंग्लजला जाणं रहित. सिझन आहे, सवड नाही. आक्काला दोन दिवस भेटून येईन, तेही पन्हाळ्याची पत्रिका छापायला गेल्यावर.

तुझ्या कोड्यांबद्दल: पुन्हा मला कोडी घालू नकोस. तुला जे सांगायचं ते शाळेतही तुला सरळ सांगता येत नव्हतं.

करीच्या दिवशी मी कुठं गेलो होतो हे घरात सगळ्यांना विचारायचं आहे आणि कुणी विचारत नाही. तुला सांगतो. सूनबाईनं जे लिहिलं ते मला धड वाचताच आलं नव्हतं. कागद डोळ्यांशी धरून वाचता येतो, पडदा धरता येत नाही. पाहुण्यांची नावं मी निम्मी कानानं आणि निम्मी अंदाजानं तपासली. दिवाळीत डॉक्टरांनी नवा नंबर लिहून दिला होता, तेवढ्यात प्रुफं यायची थांबली. वाचायचंच काही उरलं नाही, तर चष्मा कुणासाठी करू, म्हणून चिठ्ठी खिशात ठेवली ती तशीच. तिनं एवढं मोठं पान लिहिलं. मला त्यातले 'मामंजी' आणि 'जाऊ नका' हे सोडून सगळे डाग दिसले. तेवढं पुरलं. पण पुढं रोज अंदाजानं वाचून चालणार नव्हतं. लोकांच्या भावक्यांचा प्रश्न आहे. म्हणून तसाच उठून बिंदू चौकात गेलो आणि चष्मा करायला टाकून आलो. डोळे परत तपासले, त्यात उशीर झाला.

परवा चष्मा मिळाला. घरी येऊन आधी तिचं पान पुन्हा काढायला सांगितलं आणि सगळं वाचलं. तेवढ्यात ती चहा घेऊन पडद्याच्या बाजूनं आली. सून घरात येऊन सहा वर्षं झाली, तिच्या तोंडाकडं मी कधी सरळ बघितलं नव्हतं. बघायची रीत नव्हती, आणि अलीकडं बघून दिसलंही नसतं. परवा बघितलं. पोर थकली आहे, सोमू. डोळ्यांखाली काळं आलंय. दिवसभर लिहिते, घरचं बघते, आणि वर माझी काळजी करते.

तेव्हा तिच्या हाताखाली कुणीतरी ठेवायला हवं. मी बाळासोला सांगितलं, तो बघतोय. बाई असलेली बरी, म्हणजे सूनबाईला बोलायला सोबत होईल. माझी कॉट मी खिडकीकडं सरकवली आहे, तिथं आणखी एक खुर्ची बसते.

तुझ्या ऑफिसच्या कोपऱ्यात अजून मॉनिटर पडले असतील, तर कृष्णातला मांडी मोकळी ठेवायला सांग.

— अण्णासो